छोट्या मरीन टँकचं पाणी किती दिवसांनी बदलायचं? दोन फुटी टँकचा पूर्ण हिशोब

लगेच उत्तर हवं असेल तर घ्या: ४० ते ६० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात दोन-तीन छोटे मासे, तर दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला. मासे जास्त असतील किंवा खाणं जास्त पडत असेल तर २० टक्के. सुरुवात इथून करायची आणि पुढे आपल्या टँकप्रमाणे आकडा वर-खाली करायचा. तो कसा करायचा आणि पाणी बदलताना मासे का दगावतात हे सांगायला बाकीचं लिहितेय, कारण मी बघितलंय की "किती दिवसांनी" हा प्रश्न सगळे विचारतात पण "कुठलं पाणी, किती खारं, किती गरम" हे फार कमी जण विचारतात, आणि मासे जातात ते बहुतेक वेळा यातच काहीतरी चुकल्यामुळे.

माझा टँक ठाण्यात, हॉलमध्ये, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दोन क्लाउनफिश, एक गोबी, तीन शंखातले खेकडे, पाच-सहा गोगलगायी. तिसरं वर्ष चालू आहे. खालचे सगळे आकडे याच टँकचे धरलेत, तुम्ही तुमच्या मापाने बदलून घ्या.

आधी खरे लिटर काढा

दुकानदार ५४ लिटरचा टँक म्हणून देतो कारण ६० गुणिले ३० गुणिले ३० सेंटीमीटर म्हणजे ५४ लिटर होतात. पण काचेची जाडी जाते, वरून तीन-चार सेंटीमीटर रिकामं असतं, आत आठ किलो दगड आणि खाली वाळू असते. आतून लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करून १००० ने भागा आणि आलेल्या लिटरमधून दगड-वाळूचे १० ते १५ टक्के वजा करा. माझं उत्तर ४० लिटर आलं. म्हणजे १० टक्के म्हणजे ४ लिटर, साडेपाच नाही. मीठ, औषध, पाणी बदलणं सगळं याच आकड्यावर चालतं, म्हणून तो एका चिठ्ठीवर लिहून टँकच्या स्टँडला आतून चिकटवून ठेवा.

टॉप-अप वेगळं आणि पाणी बदलणं वेगळं

हे कळलं नाही तर बाकी काहीच उपयोगाचं नाही. टँकमधून रोज पाण्याची वाफ होते, पण मीठ उडून जात नाही, ते आतच राहतं. त्यामुळे पातळी खाली गेली की उरलेलं पाणी जास्त खारट होतं. ती भरपाई बिनमिठाच्या आरओ पाण्याने करायची, त्याला टॉप-अप म्हणतात, आणि ते रोज करायचं. पाणी बदलणं म्हणजे खारं पाणी काढायचं आणि तेवढंच खारं पाणी घालायचं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात आम्ही आठ दिवस गावी गेलो होतो. दिराला सांगून गेले की पाणी कमी झालं की कॅनमधून भर, आणि कॅन दोन होते, एक साध्या आरओचा, एक तयार खाऱ्या पाण्याचा. मी कॅनवर काही लिहिलं नव्हतं. टँकवर पंखा चालू होता, रोज जवळजवळ लिटरभर पाणी उडत होतं आणि ते बिचारे रोज मनापासून खारं पाणी भरत होते. परत आले तर खेकडे शंखातून अर्धे बाहेर येऊन पडलेले, एक गोगलगाय काचेवरून गळून वाळूत उलटी. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) लावला तर ४२ पीपीटी, म्हणजे लिटरमागे साधारण ४२ ग्रॅम मीठ, हवं असतं ३५. हिशोब अगदी बरोबर जुळतो: आठ लिटर पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम म्हणजे २८० ग्रॅम मीठ जास्तीचं, ते ४० लिटरमध्ये विरघळलं की ७ पीपीटी वाढ. मासे वाचले, दोन गोगलगायी आणि एक खेकडा गेला. मग रोज दोन लिटर खारं पाणी काढून दोन लिटर आरओ घालत गेले, त्याने दिवसाला साधारण २ पीपीटी उतरतं, चौथ्या दिवशी ३५ वर आलं. एका झटक्यात उतरवलं असतं तर उरलेल्या गोगलगायीही गेल्या असत्या, माशांपेक्षा या जिवांना खारेपणातला बदल खूप कमी सोसतो.

म्हणून आज दोन कामं करा. पाणी जिथपर्यंत हवं तिथे काचेला बाहेरून टेपची पट्टी लावा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत आरओ पाणी भरा. आणि दोन्ही कॅनवर जाड मार्करने मराठीत लिहा, एकावर "साधं, रोज भरायचं", दुसऱ्यावर "खारं, हात लावायचा नाही".

मग दिवस कसे ठरवायचे

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, ते चालू टँकमध्ये शून्यच हवेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साठत जातं आणि छोट्या टँकमध्ये ते बाहेर काढायचा मुख्य मार्ग म्हणजे पाणी बदलणं. नुसते मासे असतील तर मी २० पीपीएमच्या (लिटरमागे साधारण २० मिलिग्रॅम) आसपास किंवा खाली ठेवते, कोरल असतील तर ५ ते १० बरं.

आता यातली एक गोष्ट मला वर्षभर कळली नव्हती. मी दर आठवड्याला न चुकता १० टक्के बदलायचे आणि तरी नायट्रेट एका आकड्यावर येऊन अडकायचं, खाली जायचंच नाही. कारण साधं आहे. १० टक्के पाणी काढलं की नायट्रेटही १० टक्केच जातं, बाकी ९० तिथेच. आठवड्यात जितकं वाढतं तितकंच बाहेर जायला लागलं की आकडा थांबतो. कुठे थांबणार हे आधीच काढता येतं: आठवड्याची वाढ भागिले तुम्ही बदलता तो हिस्सा. आठवड्याला २ पीपीएम वाढत असेल आणि तुम्ही दहावा हिस्सा बदलत असाल तर बदलायच्या आधीचं रीडिंग २० वर स्थिरावेल. पाचवा हिस्सा बदललात तर १० वर. आणि आठवड्याला ५ वाढत असेल तर १० टक्क्यांनी ते ५० पर्यंत चढूनच थांबेल, तुम्ही कितीही नेमाने बदललंत तरी.

त्यामुळे आपली आठवड्याची वाढ माहीत असणं फार गरजेचं आहे. एका आठवड्याचा फरक नायट्रेट टेस्ट किटच्या रंगात नीट दिसत नाही, म्हणून टँक स्थिर झाला की एकदाच तीन आठवडे पाणी न बदलता बघा, टॉप-अप मात्र रोज चालू ठेवा, अमोनिया मधेमधे तपासा, काही गडबड वाटली तर लगेच थांबवा. पहिल्या दिवशी १० आणि एकविसाव्या दिवशी १६ आलं तर आठवड्याला २. रंग ट्यूबलाइटखाली बघू नका, खिडकीत दिवसाच्या उजेडात बघा. आणि ज्या किटच्या बाटलीत तळाशी पावडर बसते ती बाटली चांगली अर्धा मिनिट जोरात हलवल्याशिवाय थेंब टाकायचे नाहीत, नाहीतर रीडिंग खोटं कमी येतं आणि आपण खुश होऊन बसतो.

वाढ ४-५ च्या पुढे असेल तर आधी खाणं बघा. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. खाणं निम्मं केलं की वाढही बरीच उतरते, पाणी दुप्पट बदलण्यापेक्षा हे खिशालाही परवडतं कारण मरीन सॉल्ट स्वस्त नाही. उलट वाढ अगदी कमी असेल, नायट्रेट २-३ च्या वर जातच नसेल, तर पंधरा दिवसांनी १० टक्के पुरेल. शून्याच्या मागे लागू नका, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की वेगळीच चिकट तपकिरी शेवाळं धरतात, ती काढणं महाकठीण.

"दर आठवड्याला १० ऐवजी महिन्याला एकदम ४० केलं तर?" नायट्रेटपुरतं बघितलं तर फार फरक नाही, चार वेळा १० टक्के म्हणजे जुन्या पाण्यातलं ३४ टक्के जातं, एकदम ४० म्हणजे ४०. पण नव्या पाण्याची अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच स्थिर ठेवायची ताकद, डीकेएचमध्ये मोजतात) १२ आणि टँकची ८ असेल, तर १० टक्क्यांनी टँक ८.४ वर जातो, ४० टक्क्यांनी ९.६ वर, तेही दहा मिनिटांत. तापमानाचं, खारेपणाचं तसंच. छोट्या टँकला मोठा धक्का नको, म्हणून थोडं आणि नेमाने.

नवीन पाणी बनवणं

खरी मेहनत इथे आहे, इथे घाई नको.

पाणी आरओचंच घ्या, शक्यतो पुढे डीआय कार्ट्रिज (उरलेले क्षारही काढणारं) लावलेलं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्याच्या जवळ. आपल्याकडे घरी जो किचनमधला आरओ असतो त्यात बऱ्याच मॉडेलना टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत त्यात मिसळतात, कधी मिनरलचं कार्ट्रिज असतं. पिण्याला ते ठीक आहे, टँकला नाही. टीडीएस मीटर लावून बघा, ५०-६० दाखवत असेल तर टेक्निशियनकडून मेंब्रेननंतर, कंट्रोलरच्या आधी एक वेगळा टी (पाइपचा जोड) काढून घ्या. मुंबईला पालिकेचं पाणी तलावांचं, त्यामुळे मुळातच मऊ, पण बोअरवेल किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायटीत कधीकधी पाण्यातच नायट्रेट असतं. ज्या पाण्याने बदलणार त्याचीच एकदा नायट्रेट टेस्ट करा, त्यात १० असेल तर तुम्ही पाणी कितीही बदललंत तरी आकडा १० च्या खाली जाणार नाही.

थंडीत पाणी कोमट करायला गिझरचं गरम पाणी मिसळायचं नाही. बऱ्याच गिझरमध्ये आत तांबं असतं आणि तांब्याचा अंश खेकडे-गोगलगायींना मारतो.

समुद्र जवळ आहे तर तिथलंच पाणी का आणू नये हे प्रत्येक पाहुणा विचारतो. मुंबईच्या किनाऱ्याला सांडपाणी येतं, तेल असतं, पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारेपणा उतरतो. घरी ते गाळून सुरक्षित करायची सोय नसते. आणि कोकणात फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरचा कोरलचा तुकडा टँकसाठी उचलून आणू नका, दगडी कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहेत. तयार सिरॅमिकचे किंवा बनवलेले दगड मिळतात, ते वापरा.

आता मीठ. घरातलं मीठ नाही, खडं मीठ नाही, मरीन सॉल्टच. बादली नवी घ्या, जिच्यात कधी साबण पडलेला नाही अशी, आणि ती फक्त याच कामाला. मी १० लिटर बनवते. आधी बादलीत पाणी, मग त्यात छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) चालू करायचा, मग मीठ हळूहळू, एकेक मूठ. उलटं केलं, म्हणजे आधी मीठ आणि त्यावर पाणी ओतलं, तर सुरुवातीला तळाशी ते इतकं दाट होतं की कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या साक्यासारखं खाली बसतं आणि मग ते परत विरघळत नाही. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे बदलतं, किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करा, वाटीने मोजू नका. माझं १० लिटरला ३६० ग्रॅम पासून सुरू होतं आणि शेवटचे दहा-वीस ग्रॅम मी रिफ्रॅक्टोमीटर बघून घालते. पावसाळ्यात आपल्या हवेत मीठ ओल धरतं, गठ्ठे होतात, मग तेच ३६० ग्रॅम घातले तरी खारेपणा कमी भरतो कारण वजनात पाणी आलेलं असतं. म्हणून हवाबंद डबा, आणि दर वेळी वापरायच्या आधी डबा आडवा करून नीट घोळवा, आतले घटक जड-हलके वेगळे होऊन बसतात.

हीटर टाकून टँकच्या तापमानाला आणा, फरक एक डिग्रीच्या आत हवा. मी संध्याकाळी मिसळून रात्रभर फिरत ठेवते, सकाळी पाणी आरपार स्वच्छ दिसतं. काही डब्यांवर मिसळल्यावर थोड्याच तासांत वापरा असं लिहिलेलं असतं, तसं असेल तर डब्यावरचं ऐका.

मग मोजायचं. ३५ पीपीटी, म्हणजे २५ डिग्रीला विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन लिक्विडने सेट करा, नुसत्या साध्या पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, शून्य बरोबर दाखवणारा ३५ ला चुकू शकतो. काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून काढा. आणि तुमचा टँक आत्ता ३४ वर असेल तर नवं पाणीही ३४ चंच बनवा, दुरुस्ती हळूहळू पुढच्या खेपांना.

बदलायच्या दिवशी

हाताचा साबण, क्रीम धुऊन टाका, हात कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने. सगळ्यात आधी हीटर बंद. पातळी खाली गेली आणि गरम हीटर उघडा पडला तर काच तडकते, मग करंटचा धोका, म्हणून मी बटण नाही, प्लगच काढते आणि दहा मिनिटं थांबते. मग पॉवरहेड, फिल्टर बंद.

आतली काच मॅग्नेटने घासून घ्या, घाण पाण्यात सुटू दे, ती सायफनबरोबर जाईल. दगडांवरचा गाळ एका छोट्या पिचकारीने उडवा, दगडाच्या फटीतून जो तपकिरी धूर निघतो तो बघितलात की कळेल नायट्रेट कुठून येतं. मग सायफन. तोंडाने ओढू नका, पाइप पाण्यात पूर्ण भरून अंगठ्याने तोंड दाबून बादलीत सोडा. पाइप बारीक घ्या, जाड पाइपने चार लिटर अर्ध्या मिनिटात जातात आणि घाण काढायला वेळच मिळत नाही. वाळू एका खेपेला चौथा भागच, उजवीकडचा कोपरा या खेपेला, पुढचा वाळूच्या पुढच्या खेपेला. सगळी एकदम उपसली तर तळातली साठलेली घाण पाण्यात येते. बादलीवर चार लिटरची खूण करून ठेवा, खूण आली की थांबा.

काढलेल्या त्याच पाण्यात फिल्टरचा स्पंज पिळून घ्या, नळाखाली नाही, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात. पण ज्या दिवशी वाळू ढवळली त्या दिवशी मी स्पंजला हात लावत नाही, एक आठवडा वाळू, एक आठवडा स्पंज.

नवं पाणी हळू घाला. मी एअर पाइपने बादली वर ठेवून सोडते, चार लिटरला पंधरा-वीस मिनिटं लागतात, गोबी बिळातून तोंड काढून बघत बसतो पण पळत नाही. घाईत असाल तर मगने दगडावर सावकाश ओता, वाळूवर नाही. टेपच्या रेघेपर्यंत आलं की पॉवरहेड, फिल्टर, आणि हीटर शेवटी. अर्ध्या तासाने खारेपणा एकदा मोजा आणि वहीत तारीख, किती लिटर, नायट्रेट, खारेपणा लिहा. वायरींना खाली झोका आहे ना तेही बघा, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल, खाऱ्या पाण्याचं मीठ वायरीवरून चढत जातं ते ओल्या फडक्याने पुसून टाका.

जुनं खारं पाणी झाडांना घालू नका. गोड्या पाण्याच्या टँकचं पाणी कुंड्यांना सोनं, पण हे घातलं तर तुळस चार दिवसांत जळेल. बाथरूममध्ये ओता.

वेळापत्रक मोडायचं कधी

मासा मेला आणि उशिरा सापडला, अमोनिया दिसला, घरात कोणी झुरळांचा स्प्रे मारला, मुलांनी खाण्याचा डबाच ओतला, तर वार बघू नका. अमोनिया दिसत असेल तर ३० ते ५० टक्के लगेच, पण खारेपणा आणि तापमान जुळवूनच, आणि दुसऱ्या दिवशी परत टेस्ट. स्प्रेसारखं काही असेल तर सोबत अॅक्टिव्हेटेड कार्बनही घाला. अशा वेळेला तयार पाणी नसेल तर हात बांधलेले असतात, म्हणून निदान सुकं मीठ आणि २० लिटर आरओ पाणी घरात कायम ठेवते.

उलट नवीन टँक, ज्यात अजून मासे नाहीत आणि सायकल (अमोनिया खाणारे बॅक्टेरिया वाढायचा काळ) चालू आहे, साधारण चार ते सहा आठवडे, तिथे पाणी बदलायची घाई नको. सायकल संपली, अमोनिया-नायट्राइट शून्य झाले की एकदा मोठा, अर्ध्यापर्यंत बदल करून साठलेलं नायट्रेट खाली आणा आणि मगच पहिला मासा.

नायट्रेट ४० वर चढलंय आणि २० वर आणायचंय असं असेल तर २० टक्क्यांच्या तीन खेपा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. तीन खेपांनंतर जुन्यातलं ५१ टक्के उरतं, म्हणजे ४० चं २० च्या जवळ. १० टक्क्यांनी तेच करायला सात खेपा लागतील.

उन्हाळ्यात आपल्याकडे टँक सहज ३०-३१ वर जातो, पंखा लावला की तापमान दोनेक डिग्री उतरतं पण वाफ वाढते, तेव्हा टॉप-अप सकाळ-संध्याकाळ. पावसाळ्यात हवा दमट, तेव्हा वाफ निम्म्यावर येते, मेच्या सवयीने लिटरभर भरत राहिलात तर रेघेच्या वर जाऊन पाणी फिकं पडेल. गावी जाताना जायच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी पाणी बदला, काही चुकलं तर ते तुमच्या डोळ्यांसमोर दिसेल. आणि मागे जो कोणी येणार असेल त्याच्यासाठी रोजच्या टॉप-अपच्या पाण्याच्या एकेक लिटरच्या बाटल्या भरून त्यावर वार लिहून ठेवा, खाण्याच्या पुड्याही तशाच. खाऱ्या पाण्याचा कॅन मी आता जाताना कपाटात ठेवते.